फ्रीजची पाठ

आला बाई, आला उन्हाळा! धाराशिवात असं कुणी आनंदानं म्हणालं तर लोक त्याच्या कपाळाला हात लावून बघतील. इथं मार्च सरता सरता छतावरच्या टाकीतलं पाणी चहाला ठेवल्यासारखं तापतं, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही, आणि अंगणात कडुलिंबाच्या मोहराचा सडा पडलेला असतो. पण मी म्हणते. दरवर्षी म्हणते. कारण उन्हं तापली की एखाद्या सकाळी आमचा फ्रीज नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ गुरगुरतो, आणि तो आवाज कानावर पडला की माझे हात शिवशिवायला लागतात.

नवरा लगेच ओळखतो. "आली का तुझी जत्रा?" म्हणतो, आणि पेपर घेऊन बाहेरच्या खोलीत सटकतो. खरंच जत्राच असते ती. रंगाचा दोन इंची ब्रश, जुन्या सुती साडीची फडकी, एक म्हातारा टूथब्रश, बॅटरी, कोमट साबणाचं पाणी, नाकाला बांधायला ओढणी. एवढा थाट मी दिवाळीला पण करत नाही. गल्लीतल्या बायकांना आता माहीत झालंय. "स्वाती, आमचा पण बघ की गं जाता जाता," म्हणतात. मी जाता जाता कधीच बघत नाही. दोन तास बसते, घरातल्या माणसाच्या हातात ब्रश देते आणि त्यांच्याकडूनच करून घेते. ही सवय मला कुणी लावली ते सांगते.

आपण फ्रीजचं तोंड बघतो. त्याच्यावर चुंबकाचे आंबे, पोपट, पोरांचं वेळापत्रक चिकटवतो, डोक्यावर विणलेला रुमाल घालतो, रुमालावर फुलदाणी. कुंकू लावायचं तेवढं बाकी असतं. पण सगळं काम करते त्याची पाठ. आतली उष्णता ओढून आणायची आणि मागच्या काळ्या जाळीतून बाहेर टाकायची, बास, एवढाच तिचा धंदा. आणि ती पाठ आपण भिंतीला टेकवून, तिच्याकडे पाठ फिरवून मोकळे होतो. मी पण होतच होते. माझ्या माहेरी, ईटला, त्या वैशाखापर्यंत.

ईट म्हणजे भूम तालुक्यातलं गाव, आणि आमच्या भागात खवा म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला नुसतं सांगून कळायचं नाही. पहाटे दूध, सकाळी भट्टी, दुपारी खवा, आणि दिवसभर अंगाला त्याच्या वाफेचा गोडसर, धुरकट वास. शाळेत माझ्या वह्यांना तो वास यायचा. बाई वही तपासताना हुंगायच्या आणि हसायच्या. आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भट्टी होती, तिच्यावर भली थोरली लोखंडी कढई, आणि तिच्यापुढं आई. हातात कमरेएवढ्या दांड्याचं उलथनं. ते उलथनं ती दुसऱ्या कुणाला धरू द्यायची नाही. खवा खाली लागायच्या आधी दांड्याला कळतं आणि दांड्यावरून हाताला कळतं, असं तिचं म्हणणं. तिच्या उलथन्याचं टोक घासून घासून एका बाजूला झुकलेलं होतं.

खवा उत्तम व्हायचा. पण तो गावातल्या व्यापाऱ्याकडं जायचा, तिथं साऱ्या गावच्या खव्यात मिसळायचा आणि ईटचा खवा म्हणून गाडीत चढायचा. आई एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "ईटच्या खव्याला नाव हाय. माज्या खव्याला न्हाय." नुसतं म्हणाली, पुढचं पातेलं घेतलं.

आणि त्या वैशाखात निरोप आला! आईच्या चुलत बहिणीनं सोलापुरातल्या एका मिठाईवाल्याला आईच्या खव्याचे पेढे चाखवले होते. तो म्हणाला होता, दहा किलो पाठवा, शुक्रवारी सकाळी आमची गाडी भूमला येते ती ईटवरून नेऊ. पसंत पडला तर बारा महिने तुमच्याकडूनच घेऊ. काय सांगू, घरात काय उलथापालथ झाली! अण्णा, म्हणजे माझे वडील, एरवी दिवसात चार वाक्यं बोलणारा माणूस, त्या दिवशी म्हशींशी बोलत होते. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन घरी आलेली, मी डब्यावर चिकटवायला कागदावर मोठ्या अक्षरात 'सुमनबाईंचा खवा' लिहून काढलं. आईनं तो कागद बघितला, "काढ ते, दृष्ट लागंल," म्हणाली, आणि हळूच देवघरात ठेवला.

अडचण एकच. वैशाखात म्हशी आटलेल्या. दहा किलो खव्याला लागेल एवढं दूध एका दिवसात होणं शक्य नव्हतं. मंगळवार, बुधवार, गुरुवार असा तीन दिवस थोडा थोडा करून साठवायचा होता. आणि साठवायचा कुठं? मधल्या खोलीतल्या फ्रीजमध्ये! मामानं आणून दिलेला एका दाराचा लाल फ्रीज, त्याच्यात एरवी आमचं दही, कोथिंबीर आणि पाण्याच्या बाटल्या. मंगळवारी संध्याकाळी त्याच्यात खव्याचे डबे गेले. रात्रीतून त्याची किंमत घरात वाढली. दार उघडायला परवानगी लागायला लागली.

बुधवारी सकाळी मी पाण्याची बाटली काढली आणि तोंडाला लावली. कोमट! फ्रीज थोडा गुरगुरायचा, मागं 'टक्' असा आवाज व्हायचा आणि गप्प. परत थोड्या वेळानं गुरगुर, परत टक्. वरच्या कप्प्यात मात्र बर्फाचा डोंगर, हात घालायला जागा नाही. खाली गरम, वर बर्फ! माझ्या डोक्यानं लगेच निकाल लावला, बर्फानं वाट अडवलीय, बर्फ काढला की गारवा खाली येईल. काय हुशारी! आई अण्णांकडून दूध घ्यायला गोठ्यात गेली होती. भट्टीपाशी, भिंतीला टेकलेलं तिचं उलथनं मी उचललं, आणि बर्फात घुसवलं. एकदा, दोनदा. हलेना. मग दात-ओठ खाऊन टोक तसंच आत रुतवलं आणि तरफेसारखं दाबून धरलं.

चर्र! असा आवाज झाला. बर्फ तडकल्याचा म्हणा, पण माझ्या काळजात तो दुसराच वाजला. शेजारच्या काकूंनी सुरीनं बर्फ काढताना त्यांच्या फ्रीजमधला गॅस फुस्स करून गेलेला सगळ्या गल्लीला ठाऊक होता. फ्रीज पुन्हा कधी गार झाला नाही, त्याच्यात त्या आता पापड ठेवतात. तेवढ्यात अंगणात कळशीचा आवाज. मी धावत जाऊन उलथनं होतं तिथं टेकवलं. आई आली, दूध कढईत ओतलं, उलथनं उचललं, जरा थांबली. मग टोक पदरानं कोरडं पुसलं आणि हलवायला लागली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ती दुधाकडे बघत होती.

"आई, फ्रीज बिघडला वाटतं," मी म्हणाले. एवढंच म्हणाले.

आधी शेजारी विचारलं. पण आमच्या गल्लीत ज्याच्याकडे फ्रीज त्याच्याकडे खवा, आणि ज्याच्याकडे खवा त्याचा फ्रीज भरलेला! मग अण्णांनी भूमला दादारावांना फोन लावला. दादाराव मिस्त्री हे एक प्रकरण होतं. साठी उलटलेला माणूस, कंबर गेलेली, खांद्याला कातडी पिशवी, आणि एक नियम की ज्याचा फ्रीज त्यानंच हात काळे करायचे. ब्रश ते धरत नसत. गॅसला आणि यंत्राला मात्र दुसऱ्या कुणाला शिवू देत नसत. दुपारच्या एसटीनं ते आले. तोवर आईची दुसरी कढई भट्टीवर चढलेली, दूध अर्ध्यावर आटत आलेलं.

त्यांनी फ्रीजला कान लावला, मागं हात घालून यंत्राची ऊब बघितली आणि म्हणाले, "पैलं पिन काढ पोरी."

मी बटण बंद केलं.

"खटका बंद म्हंजे बंद न्हाय. कुणीतरी येतंय, दाबतंय, आन् आपला हात आत. पिन काढ आन् फ्रीजवर ठेव. डोळ्यांपुढं पायजे." मी ठेवली. मग त्यांनी यंत्रावरचं लेबल वाचलं आणि भट्टीकडे बघितलं. शेड मधल्या खोलीला लागूनच. "वैनी, ह्याच्यातला गॅस पेटणारा हाय. असतो थोडासाच, पर गळाला असंल तर इस्तू नगं जवळ. आतला बर्फ कुणी टोचला का ओ?"

सांगायचं होतं, शपथ सांगते. पण आईकडे बघितलं, तिच्या हातातल्या उलथन्याकडे बघितलं, आणि फ्रीजवरची पिन उगाच सरळ करत राहिले.

आईच म्हणाली, "टोचला असंल, नसंल. जोखीम कशाला? भट्टी इझवते मी." आणि कढईत अर्धं आटलेलं दूध असताना तिनं लाकडं ओढली, पाणी मारलं, धुराचा लोट उठला. अण्णा आ वासून बघत राहिले. अर्ध्यात उतरवलेल्या दुधाचा मनासारखा खवा होत नाही, हे आमच्या घरात पाळण्यातल्या पोराला पण कळत होतं. मला वाटलं, किती ही सावध बाई! आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी जाऊन सगळ्या खिडक्या दणादणा उघडल्या.

दादारावांनी वाटीत साबणाचा दाट फेस केला आणि मागच्या नळीच्या एकेका सांध्याला लावला. बसून बघत राहिले. बुडबुडा येतो का? मीही श्वास धरून बघत होते. नाही आला! मग बॅटरी घेऊन वरच्या कप्प्यात डोकावले. तिथं बर्फात मी भोसकल्याची खूण स्पष्ट दिसत होती. त्यांनी ती बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "ह्यो बर्फ वितळल्याशिवाय इथलं कळायचं न्हाय. बर्फानं जायचं ते पाण्यानं. लोखंडानं न्हाय." गरम पाण्याचं पातेलं आत ठेवलं, खाली फडकी अंथरली, दार उघडं ठेवलं. खव्याचे डबे आईनं परातीत पसरलेल्या बर्फात बसवले, वर भिजवलेलं पोतं टाकलं. बर्फ त्याच फ्रीजमधून सुटत आलेला आणि थोडा गोळेवाल्याकडून आणलेला.

मग आम्ही फ्रीज उभाच्या उभा पुढं सरकवला, आडवा न करता. आणि त्याची पाठ दिसली.

अगं बाई गं! जाळी कुठं दिसतच नव्हती. एक घोंगडीच होती तिच्यावर. भट्टीची काजळी, खव्याच्या वाफेतला तुपकट अंश, म्हशीचे केस, कडब्याचा भुसा, सगळं थरावर थर बसून घट्ट झालेलं. आणि त्याच्यात तीन फडकी! दूध गाळायची फडकी आई धुऊन फ्रीजमागं वाळत टाकायची. तिथं ऊब असते, फुकटात वाळतात. त्यातली तीन मागं पडून जाळीला चिकटली होती. आई वर्षभर ती शोधत होती. माकडानं नेली म्हणून तिनं माकडांना शिव्यासुद्धा दिल्या होत्या.

दादाराव खो खो हसले. "वैनी, त्यानं आतली आग टाकायची कुठून? वैशाखात तुमी त्याला गोधडी घातली आन् म्हनता थंडी दे!"

आई पदर तोंडाला लावून इतकी हसली, इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मी पण हसले, पण निम्मंच.

मग माझ्या हातात ब्रश आला. "वरून खाली. जाळीच्या रेषेरेषेनं. आडवा मारू नगंस, नळी वाकंल. हाताला फडकं गुंडाळ, पत्र्याची धार लागती." मी नाकाला ओढणी बांधली आणि सुरू झाले. पहिला थर लोकरीसारखा सुटला. खालचा तुपकट, तो कोरड्या ब्रशला दाद देईना. त्याला साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं, मागोमाग कोरडं. यंत्राच्या आसपास पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही, तिथं फक्त ब्रश. एक तास गेला आणि काळी, चकचकीत जाळी वर आली, आडवी नळी अशी नागमोडी खाली उतरत गेलेली. किती सुंदर होती ती! मला कुणी दागिना दाखवला असता तर एवढा आनंद झाला नसता. यंत्रावरच्या लहान ताटलीत साचलेलं हिरवं पाणी फेकलं. आतलं पाणी खाली जायचं बारीक भोक खव्याच्या कणांनी बुजलेलं, त्याच्यात मी तार घालणार तेवढ्यात हातावर चापटी बसली. कोमट पाणी आणि कापसाची वात, बास.

दाराच्या रबराच्या घडीत काय काय निघालं! टूथब्रशनं ते घासलं. मग दादारावांनी खिशातून आल्या एसटीचं तिकीट काढलं, दारात धरून दार लावलं आणि ओढलं. वर घट्ट. मधे घट्ट. खालच्या कोपऱ्यात तिकीट अलगद बाहेर! "हितनं उनाची वाफ आत येती, तिचाच बर्फ व्हतो," ते म्हणाले. गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यानं रबर शेकून शेकून मऊ केलं, बोटांनी बाहेर ओढलं. परत तिकीट. घट्ट! मी टाळ्या वाजवल्या.

तोवर बर्फाचा डोंगर खाली आला होता. शेवटचा तुकडा पाण्यात पडला आणि कप्प्याचा पत्रा उघडा पडला. त्याच्यावर एक लांब ओरखडा. दादारावांनी बॅटरी मारली, फेस लावला, चष्मा वर करून डोळा जवळ नेला. किती वेळ बघितलं देव जाणे. माझे कान गरम झाले होते.

"बचावला," ते म्हणाले. "नळीपासून बोटभर लांब हाय वरखडा. गॅस हाय." कुणाचा ओरखडा ते त्यांनी विचारलं नाही. वीतभर जागा सोडून फ्रीज परत भिंतीशी लावला, जरा वेळ तसाच उभा राहू दिला, सगळं कोरडं झाल्याची खात्री केली, आणि मला म्हणाले, "लाव आता पिन."

मी लावली. गुर्र! आम्ही चौघं उभे. आता टक् होतंय, मग टक् होतंय. नाही झालं! आवाजसुद्धा बदललेला, हलका, एकसारखा. अर्ध्या तासानं त्यांनी मला जाळीच्या वरच्या टोकाला हात लावायला सांगितलं. गरम! "ही ऊब बाहेर आली म्हंजे आत गारवा चालला," ते म्हणाले. मी ओलं बोट वरच्या कप्प्याच्या पत्र्याला लावलं आणि ते किंचित चिकटलं. मी ओरडलेच, "आई, धरलं गं, धरलं!" आईनं येऊन आपलं बोट लावलं. अण्णांनी लावलं. तिघंही आळीपाळीनं बोटं लावत होतो, लहान पोरांसारखी. दादारावांना खवा पुढं केला तर त्यांनी नुसता हुंगला. "साखर हाय मला," म्हणाले, "पर वास घ्यायला डॉक्टरची ना न्हाय." आणि अण्णांच्या गाडीवर बसून स्टँडवर गेले.

अर्ध्यात विझलेल्या भट्टीवरच्या दुधाचा खवा कोरडा, रवाळ झाला. आईनं तो पाठवला नाही. शुक्रवारी दहाच्या जागी आठच किलो गेला, आणि त्याच्या डब्यावर देवघरातला कागद चिकटवून गेला. सोलापूरचा मिठाईवाला वजनावरून कुरकुरला. पण चार दिवसांनी फोन आला आणि त्यानं विचारलं, "सुमनबाई कोण?" आई अंगणात उभी राहून म्हणाली, "मीच." आवाज एवढा मोठा की पलीकडच्या गल्लीत ऐकू गेला असेल. आजही तो खवा तिकडंच जातो.

तेव्हापासून दर चैत्रात आईचा फोन येतो. तब्येत, पाणी, पोरं नंतर. आधी एकच, "पाठ पुसली का?" परवाही आला. मी फ्रीज पुढं ओढून, ओढणी बांधून बसलेली, फोन कांद्याच्या टोपलीला टेकवलेला. तिकडं तिचं उलथनं कढईत खरखरत होतं. तो आवाज ऐकता ऐकता मला काय झालं कुणास ठाऊक, इतक्या वर्षांचं तोंडातून निसटलं.

"आई, त्या वर्षी बर्फ मी टोचला होता. तुझ्या उलथन्यानं."

खरखर थांबली नाही. "ठावं हाय की."

"ठावं? कसं?"

"अगं, उलथनं हातात घेतलं तर गारढोण! वैशाखात, भट्टीपाशी ठेवलेलं लोखंड गार कसं असंल? आन् टोकाला पाणी."

मी ब्रश खाली ठेवला. "मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर तू पुन्ना कशाला हात लावला असतास का?" ती म्हणाली. मग जरा चिडूनच, "आन् दादारावांनी इचारलं तवा दुधाची भरली कढई ठेवून भट्टी काय उगंच इझवली म्या?"

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि मी हसत पण होते. नवरा पेपर घेऊन दारात येऊन उभा राहिला, काही न कळून.

"बरं, ते ऱ्हाऊ दे," आई फोनवर म्हणाली. "पिन काढलीस का?"

"काढली."

"कुठं हाय?"

"फ्रीजवर. डोळ्यांपुढं."

"मग लाग की कामाला."